अठरा जणांची डॉक्टर

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही लिफ्टच्या तपासणीची आहे. पुढच्या बाजूने दोर, ब्रेक, दरवाजे, तेलपाणी. मागच्या बाजूने आजपासून हे. नवी वही आणली असती तर हिने विचारलं असतं कशाला, आणि मला सांगता आलं नसतं.

सकाळी अकराला शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "भिंगरीची तब्येत आता कशी आहे?" मी म्हटलं, तब्येतीला काय झालंय? त्या म्हणाल्या, "ती एकोणीस दिवस शाळेत आलेली नाही. तुमच्या सहीचं पत्र आहे माझ्याकडे."

रोज सकाळी मी तिला गणवेशात बघतो. 'येते' म्हणते आणि जाते. मी आठला निघतो, ही साडेआठला. म्हणजे आम्ही दोघं गेलो की ती परत येत असणार.

काम जोडीदारावर टाकून घरी गेलो. दाराशी तिचे शाळेचे बूट नीट जोडीने ठेवलेले. तिच्या खोलीचे पडदे ओढलेले. कानाला हेडफोन, दाराकडे पाठ. रस्ताभर मी जे जे बोलायचं ठरवलं होतं ते तोंडातच राहिलं, कारण ती बोलत होती.

"डावीकडून दोघं या. घाई नको. मी सांगेन तेव्हाच. तू मागे हो, तुझं रक्त कमी झालंय, मी बघते."

हा आवाज मी कधी ऐकलेला नाही. घरात तिचा आवाज 'हो', 'नको' आणि 'माहीत नाही' एवढाच. भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं. लहानपणी एका जागी क्षणभर टिकायची नाही. ती आता दगडासारखी बसली होती, फक्त बोटं हलत होती, आणि पडद्यावर बर्फाच्या डोंगरात अठरा माणसं तिच्या शब्दावर हलत होती. मी अकरा मिनिटं उभा होतो. घड्याळात पाहिलं म्हणून माहीत.

मग तिने मान वळवली. चेहरा पांढराफटक. पण आधी माईकमध्ये म्हणाली, "मला जावं लागतंय. सगळे पायथ्याशी थांबा. एकट्याने कुणी वर जायचं नाही." त्यानंतर हेडफोन काढले आणि मग मला घाबरली.

पत्रावरची सही नंतर शाळेत जाऊन पाहिली. माझ्यापेक्षा चांगली केली आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर उचलून कंपनीच्या गोदामात ठेवला. घरचं इंटरनेट बंद केलं. तिचा फोन काढून घेतला. ही म्हणाली, "अहो, एकदा तिच्याशी बोलून तरी बघू." मी म्हटलं, बोलायची वेळ गेली. ती ओरडेल, आदळआपट करेल अशी तयारी ठेवली होती. वायरी मी काढत होतो तेव्हा एक वायर अडकली, ती तिने स्वतः सोडवून दिली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उपाय लागू पडतोय असं दिसतं. घरात शांतता. सकाळी मी शाळेपर्यंत सोडतो, दुपारी ही आणायला जाते. जेवण कमी झालंय, होईल ठीक. संध्याकाळी टेबलासमोर बसते, जिथे कॉम्प्युटर होता तिथे. भिंतीकडे बघत. बसली आहे म्हणजे अभ्यासाचं बघत असेल.

आज एका जुन्या इमारतीत एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. तिथला रखवालदार दार फाकवून त्यांना हात धरून वर ओढायच्या बेतात होता. वेळेवर पोचलो. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की मधल्यामध्ये अडकलेल्या माणसाला कधीही ओढून काढायचं नाही. घात तिथेच होतो. आधी बोलायचं. आपण आहोत हे कळू द्यायचं. काय करणार ते करायच्या आधी सांगायचं. मग लिफ्ट मजल्याला आणायची आणि दार उघडायचं, म्हणजे माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर येतो. आजींशी चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. त्यांच्या तिन्ही जावयांची माहिती झाली.

घरी आलो तर भिंगरी तशीच. मीही काही बोललो नाही. नियम म्हणजे नियम.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज अक्षर वाकडं येतंय.

सकाळी वाचनालयात जाते म्हणाली. दुपारी दोनपर्यंत येणार होती. चारला ही वाचनालयात गेली, तर तिथे ती फिरकलीच नव्हती. हिने मला फोन केला. ही दिवसभर दवाखान्याच्या फोनवर बसते, लोकांच्या किंकाळ्या ऐकूनही आवाज हलू देत नाही. आज म्हणाली, "ती नाहीये," आणि पुढे बोलूच शकली नाही.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्यापलीकडे, टीव्ही-कॉम्प्युटरचं एक दुकान आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलीने ते सांगितलं. गिऱ्हाईकांना दाखवायला तिथे यंत्रं ओळीने चालू ठेवतात. शेवटच्या यंत्रासमोर भिंगरी उभी होती. बूट काढलेले, बाजूला जोडीने ठेवलेले. घोटे सुजून पाव झालेले. ओठांना साली.

दुकानातला पोरगेला विक्रेता म्हणाला, "काका, ही गेल्या शनिवारी-रविवारीही आली होती. काही त्रास नाही हिचा. आज सकाळी दुकान उघडल्यापासून आहे. आम्हाला वाटलं घरी घ्यायचा विचार चाललाय."

सात तास. उभी. पाणी नाही. तो रस्ता सहा पदरी आहे, आणि ओलांडायला पूल नाही.

मी खांद्याला हात लावला. ती म्हणाली, "दोन मिनिटं, बाबा. ते अडकलेत." डोळे पडद्यावरच. नंतर चालता येईना. पाठीवर घेतली. पंधरा वर्षांची मुलगी आणि वजन दहा वर्षांच्या पोरीचं. बसथांब्यापर्यंत ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडत होती आणि म्हणत होती, "मला थांबता येत नाही. मी ठरवते, पण मला थांबता येत नाही." मला वाटत होतं तिला थांबायचं नाहीये.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हिच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. छोटी खोली, तीन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. आधी भिंगरी एकटी आत, तासभर. मग आम्ही.

बाईंनी विचारलं, "ती कोणता खेळ खेळते?"

मी म्हटलं, "कसला तरी. बर्फ असतो."

"त्यात ती काय करते?"

माहीत नव्हतं.

"तुम्ही लिफ्टचं काम करता ना? न बघताच दुरुस्त करता?"

हिने खाली मान घालून हसू दाबलं. मला राग आला.

बाई म्हणाल्या, हा नुसता हट्ट नाही आणि नुसता छंदही नाही. तिचं मन तिथे अडकलंय, सोडवून घेता येत नाहीये. कुलूप लावलंत तर ती कुलूप फोडेल, मोकळं सोडलंत तर बुडेल. कॉम्प्युटर परत आणा, पण बैठकीच्या खोलीत. रोज दोन तास, ठरलेल्या वेळी. शेजारी तुमच्यापैकी एकाने बसायचं. पहारेकरी म्हणून बसायचं नाही, तिच्याकडून शिकायला बसायचं. झोप आणि जेवण यात तडजोड नाही. "आणि ती घसरेल. नक्की घसरेल. तेव्हा मोजत बसू नका, उठायला मदत करा."

मग म्हणाल्या, "तिने मला एक सांगितलं, ते तुम्हाला सांगायला तिची परवानगी आहे. तिथे माझ्यावाचून अडतं, म्हणाली. तुमच्या घरात तिच्यावाचून काय अडतं?"

आम्ही तिला कपसुद्धा विसळू देत नाही. तू फक्त अभ्यास कर, बाकी काही बघू नकोस, हे गेली पाच वर्षं.

परत येताना ही म्हणाली, "आणि तुम्ही घरी असलात तरी कान कंपनीच्या फोनकडे असतात." ते वेगळं आहे. ते काम आहे. लोक अडकलेले असतात.

रविवार, २३ फेब्रुवारी

कॉम्प्युटर आणला, इंटरनेट पुन्हा चालू केलं. संध्याकाळी सहा ते आठ. शेजारी मी, मांडीवर हात ठेवून, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा.

मग मी विचारलं, हे हिरवे पट्टे कसले? तिने तिरकं बघितलं, खरंच विचारतोय का हे पाहायला. म्हणाली, "हे सगळ्यांचे जीव आहेत. पट्टा संपला की माणूस मेला. मी लढत नाही, बाबा. मी त्यांना जिवंत ठेवते."

अठरा पट्टे. ती सगळ्यांकडे एकाच वेळी बघते. मी तीस वर्षं यंत्रांवर नजर ठेवतोय, मला एका वेळी चार गोष्टी दिसतात, फार तर पाच. तिला एका तरुणाचा पट्टा कमी व्हायच्या आधीच कळलं. "तो घाबरला की उजवीकडे पळतो. आता पळेल." आणि तो पळाला. त्या अठरा जणांत एक रात्रपाळीची परिचारिका आहे, एक ट्रक चालवणारा, एक पंचाहत्तरीचे आजोबा. सगळे तिला डॉक्टर म्हणतात. तिचं वय कुणाला माहीत नाही.

आठ वाजता बंद करताना तिला घाम फुटला होता. मी पाहिलं. बोटं बटणावरून उठेनात. मी दहा मोजले, तिने वीस मोजले, आणि केलं बंद.

हिला सांगितलं की तिकडे तिला डॉक्टर म्हणतात. ही म्हणाली, "चला, एका तरी जगात झाली."

रविवार, २ मार्च

आज मी खेळलो. तिने मला एक माणूस करून दिला, तपकिरी डगला घातलेला. मला चालता येईना. समुद्रात पडलो. परत आलो, परत पडलो. पाचव्यांदा पडलो तेव्हा ती हसली. तोंडावर हात घेऊन, खुर्चीत मागे रेलून. स्वयंपाकघरातून ही हातातलं ओलं भांडं घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. पाणी फरशीवर टपटपत होतं. आम्ही दोघंही हललो नाही, जणू दारात पाखरू येऊन बसलंय.

मग तिने मला एका टेकडीवर नेलं. "इथे थांबा. काही करू नका." समोर समुद्रावर दिवस उजाडला. ढगांच्या कडा आधी जांभळ्या, मग तांबूस, आणि पाण्यात त्यांची हलती सावली. खोटं आहे हे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी हे एकेक करून रंगवलंय. मी म्हटलं, "इथून उठावंसं वाटत नाही गं."

ती म्हणाली, "तेच तर."

बुधवार, ५ मार्च

हिने ठरवलं आहे की दर बुधवारचा संध्याकाळचा स्वयंपाक भिंगरीचा, आणि त्या दिवशी खेळ दुपारीच उरकायचा. "नाही केलास तर आम्ही उपाशी." आज पहिला बुधवार. सात वाजले, आठ वाजले. ती खोलीत, विसरली. मी पाव आणायला उठलो तर हिने माझं मनगट धरून खाली बसवलं. रिकाम्या ताटांसमोर आम्ही दोघं, परीक्षेला बसल्यासारखे.

साडेआठला ती पाणी प्यायला बाहेर आली. ताटं बघितली. आमच्याकडे बघितलं. "तुम्ही खरंच काही खाल्लं नाही?"

"तुझी वाट बघतोय," ही म्हणाली. रागाचा लवलेश नाही.

भात करपला होता आणि अंड्यात टरफल होतं. मी दोनदा वाढून घेतला. खोटं नाही, भूकच तशी लागली होती.

मंगळवार, ११ मार्च

आठवडाभर सगळं छान चाललं होतं, म्हणूनच जास्त लागलं. आज कळलं की हिचा जुना फोन कपाटातून काढून ती न्हाणीघरात खेळते. नळ सोडून ठेवते, आवाज येऊ नये म्हणून. किती दिवस, विचारलं. "बऱ्याच." वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही असंही आज शाळेने कळवलं, हजेरी पुरत नाही. नववी पुन्हा.

टेबलावरचे हेडफोन मी उचलले आणि दोन्ही हातांनी मोडले. तिच्यासमोर. ती भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही हात डोक्यावर धरून. मी तिला कधी मारलेलं नाही. तिला वाटलं आता मारणार.

बुधवार, १२ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. स्वयंपाक तिने केला.

गुरुवार, १३ मार्च

कामावरून लवकर आलो. तिच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. शेवटी टकटक केलं. म्हटलं, "माझं चुकलं."

आतून आवाज आला, "कशाबद्दल? हेडफोनबद्दल, की मला घाबरवलं त्याबद्दल?"

"दोन्ही."

जरा वेळाने दार उघडलं. मी हेडफोन मागितले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाळकामाचं सामान मांडलं. मोडलेली पट्टी पत्र्याच्या तुकड्याने जोडली, आतल्या वायरी झाळून घेतल्या. ती दिवा धरून होती. म्हणाली, "मी पण चुकले." मी विचारलं नाही कशाबद्दल. वायर गरम होती आणि मला नीट दिसत नव्हतं.

नळाचा आवाज मोठा असतो, बाबा, म्हणाली, तरी मला भीती वाटायची की आईला ऐकू येतंय, आणि थोडंसं असंही वाटायचं की यावं ऐकू.

रविवार, ६ एप्रिल

आज जे पाहिलं ते नीट उतरवून ठेवलं पाहिजे.

दुपारी कंपनीचा फोन. ही कामावर होती. भिंगरीला एकटी ठेवायचं नाही असं ठरलेलं, म्हणून तिला बरोबर घेतलं. मी घरी थांबू शकलो असतो, रविवारी दुसरं कुणी गेलं असतं. ते सुचलं नाही.

सात मजली कचेरी, सुट्टीमुळे सामसूम. लिफ्ट पाचव्या आणि चौथ्याच्या मध्ये. आत एक माणूस. जोडीदार यायला अर्धा तास लागणार होता. आतला माणूस दाराला धडका मारत होता आणि आतलं दार बोटांनी फाकवत होता. फटीतून दिसलं, धिप्पाड गृहस्थ, गळ्यातला टाय सुटलेला, "मला बाहेर काढा, मला श्वास येत नाही" एवढंच म्हणतोय. दार फाकवून तो खाली उडी मारायला गेला असता तर सरळ खड्ड्यात. मला गच्चीवरच्या यंत्रखोलीत जाऊन वीज तोडायची होती आणि हाताने लिफ्ट खाली आणायची होती. इथे कुणीतरी त्याला धरून ठेवायला हवं होतं. रखवालदार खालून नुसता ओरडत होता.

भिंगरी म्हणाली, "तुम्ही जा वर. मी बोलते त्यांच्याशी."

नियमात बसत नाही. मी तिला पाचव्या मजल्यावर, दारापासून दोन हात लांब बसवलं, काय होणार ते चार वाक्यांत सांगितलं, आणि जिना चढलो. धापा टाकत वर पोचलो, वीज तोडली. यंत्रखोलीच्या जमिनीत दोर खाली जायला भोकं असतात. त्यांतून खालचा आवाज वर येतो.

"काका, मी दाराशीच बसलेय. उठून जाणार नाही. तुम्ही पण बसा. पाठ मागच्या भिंतीला टेका. टेकली? आता माझ्याबरोबर श्वास सोडा. घ्यायचा नंतर बघू, आधी सोडा."

तोच आवाज. बर्फातला.

"आता लिफ्ट थोडी हलेल. खाली जाईल. दचकू नका, माझे बाबा वर आहेत, ते हाताने हलवतायत. मी सांगेन तेव्हाच हलेल. बाबा, चालेल."

मी ब्रेक सोडला आणि चाक फिरवलं. वीतभर. थांबलो. खालून, "छान. आता परत. काका, तुमचा हात परत दाराकडे जातोय, असं वाटतंय मला. मांडीवर ठेवा." ती त्याला बघू शकत नव्हती. नंतर विचारलं तर म्हणाली, "घाबरलेली माणसं श्वास रोखतात ना, मग हात हलतात. ऐकू येतं." दोरावरची चौथ्या मजल्याची पिवळी खूण जुळेपर्यंत मी फिरवत राहिलो. दंड भरून आले होते. तीस वर्षांत मी शेकडो माणसं बाहेर काढली, पण भोकाशी कान लावून असा गुडघ्यांवर कधी बसलो नव्हतो.

खाली आलो, चौथ्या मजल्यावर किल्लीने दार उघडलं. तो गृहस्थ स्वतःच्या पायांनी बाहेर आला, घामाने चिंब. आधी माझ्या मागे बघितलं. "ती डॉक्टर कुठेय?" मी म्हटलं, कोण डॉक्टर? "मी विचारलं कोण बोलतंय, तर म्हणाली मला डॉक्टर म्हणतात."

जिन्यावरून भिंगरी उतरत होती. काडीसारखी, शाळकरी. तो बघतच राहिला. मीही.

सोमवार, ७ एप्रिल

काल जे झालं त्यानंतर आज सगळं सरळ होईल असं मला कुठेतरी वाटत होतं. ठरल्या वेळेपेक्षा दीड तास जास्त खेळली. उठवायला गेलं तर चिडली. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग? कालचं खरं होतं आणि आजचंही खरं आहे." हिला मात्र काही धक्का बसलेला दिसला नाही. "ताप उतरताना असाच वरखाली होतो," म्हणाली, आणि वाढायला घेतलं.

शनिवार, १० मे

गेला महिनाभर दोन तासांचं प्रकरण जमत आलंय. चुकले दिवस सहा. मोजायचे नाहीत, पण वही तपासणीची आहे, सवय जात नाही.

परवा जेवताना ती म्हणाली, "मी त्यांची डॉक्टर राहणार नाही. रोज यावं लागतं. रोज गेले की मला थांबता येत नाही." मी म्हटलं, कंटाळा आला का? तिने माझ्याकडे बघितलं, अगदी मोठ्या माणसासारखं. "नाही बाबा. मला कायम तिथेच राहावंसं वाटतं. म्हणूनच."

आज संध्याकाळी निरोप होता. तिच्या एका बाजूला ही, एका बाजूला मी. माझा तपकिरी डगलेवालाही गर्दीत होता. बर्फाच्या डोंगरावर सगळे गोळा झाले. तिने सांगितलं, "मी पंधरा वर्षांची आहे. माझी नववी बुडाली. मला इथे येणं थांबवता येत नव्हतं. आता मी महिन्यातून एकदा येईन, पाहुणी म्हणून." मग ट्रकवाल्याचा जाडा आवाज आला, "पंधरा? अगं पोरी, दोन वर्षं आम्ही तुझ्या जिवावर जिवंत आहोत."

जागा तिने घाबरून उजवीकडे पळणाऱ्या त्या तरुणाला दिली. तो म्हणाला, मी तर सगळ्यात भित्रा. ती म्हणाली, "म्हणून तुला दुसऱ्याची भीती आधी दिसेल."

मग ते पंचाहत्तरीचे आजोबा बर्फात खाली बसले. त्यांच्या शेजारी परिचारिका. मग सगळेच, एकेक करून, तिच्या भोवती गोल. प्रत्येकाने कंदील लावून समोर ठेवला. अठरा उजेड पांढऱ्या बर्फावर. ओळख ना पाळख, कोण कुठल्या खोलीत बसलंय कुणाला ठाऊक, आणि इतका मान. एवढा मान मी कुणाला मिळताना पाहिलेला नाही. मी पुढे सरकायला गेलो आणि कड्यावरून पडलो.

"डॉक्टर, तुझे बाबा पडले."

"येतील परत," ती म्हणाली.

बंद तिने स्वतः केलं. कुणी मोजलं नाही. पडदा काळा झाला आणि त्यात आम्ही तिघं दिसायला लागलो. मग म्हणाली, "आता काय करू?"

मला काहीतरी सुचवायचं होतं, फिरायला जाऊ, पुस्तक वाच, काहीही. ही माझ्याआधी बोलली. "मलाही माहीत नाही गं. बस." आम्ही बसलो. बाहेरचा उजेड गेला, दिवा लावायला कुणी उठलं नाही. ती मध्ये होती, दोन्हीकडे टेकून, आळीपाळीने.

सोमवार, १६ जून

शाळा सुरू झाली. तिची नववी दुसऱ्यांदा.

फाटकाशी थांबली. दप्तराचे पट्टे आवळले. मैदानाच्या कडेला तिचा जुना वर्ग, आता दहावीचा, घोळक्याने उभा. तिला पाहिलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. सायकलींच्या मागून एक आडवाट आहे, थेट वर्गांकडे जाते. मी डोळ्यांनीच तिकडे दाखवलं.

"बाबा, तुम्ही इथूनच जा."

गेलो नाही. भिंतीच्या आडून बघत राहिलो. ती मैदानाच्या मधून निघाली. साधारण ऐंशी पावलं असतील. घोळक्याजवळून जाताना कुणीतरी काहीतरी म्हणालं, दोघं हसले. तिचे कान लाल झालेले मला एवढ्या लांबून दिसले, किंवा मला तसं वाटलं. चालणं तेच राहिलं. घोळक्यातल्या एका मुलीकडे बघून तिने मान हलवली, त्या मुलीनेही गडबडून हलवली. मग ती नववीच्या रांगेत जाऊन शेवटी उभी राहिली. सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच. पुढच्या बुटक्या मुलीने वळून काहीतरी विचारलं. भिंगरी वाकली, आणि उत्तर द्यायला लागली.

घंटा झाली. रांग आत गेली. मी भिंतीला हात टेकून उभाच.

फाटकावरचा शिपाई म्हणाला, "काका, काही द्यायचं राहिलं का?"

मी म्हटलं, "नाही. सगळं आहे तिच्याकडे."